पत्रा आणि बोर्ड यांच्यामधले सहा सेंटिमीटर: कंटेनर घराचं आतलं काम

कंटेनर जागेवर बसला, दारं-खिडक्या कापून झाल्या, चौकटींना बॉक्स पाइपचं कडं वेल्ड झालं, की घर अर्धं झाल्यासारखं वाटतं. खरं तर तिथून पुढचं कामच जास्त फसतं. उरण-पनवेलच्या यार्डातून आणलेला कंटेनर समुद्रावर पंधरा वर्षं टिकला असला, तरी त्याच्या आत कोणी भात शिजवत नव्हतं, अंघोळ करत नव्हतं. माणूस राहायला आला की वाफ आली, आणि वाफेला टेकायला थंड पत्रा मिळाला की पाणी आलं. पत्रा आणि आतला बोर्ड यांच्यामध्ये जेमतेम सहा सेंटिमीटर जागा असते. रंग, टाइल, कपाटं वर्षभरानंतर कशी दिसतील हे त्या जागेत काय भरलंय आणि काय पत्र्याला चिकटलंय यावर ठरतं.

इथली सगळी मापं ४० फुटी हाय क्यूब कंटेनरची आहेत: आतून साधारण १२.०३ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.६९ मीटर उंच. साध्या उंचीचा कंटेनर आतून सुमारे २.३९ मीटर भरतो. त्यात सिलिंग आणि फरशी घातली की पंख्याखाली हात वर करायची सोय राहत नाही. अजून खरेदी व्हायची असेल तर हाय क्यूबच घ्या.

बोर्ड आणण्याआधी

पहिली तपासणी फुकटात होते. भर दुपारी आत जाऊन सगळी दारं लावा, खिडक्यांची भोकं ताडपत्रीने झाका आणि पाच मिनिटं अंधारात थांबा. छताला किंवा कोपऱ्याला जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने गोल करा. मग बाहेरून पाइपने प्रत्येक बाजूला अर्धा तास पाणी मारा आणि आत एकाला टॉर्च घेऊन उभं करा. खिडकीचं डोकं आणि चौकटीचे खालचे कोपरे इथेच बहुतेक गळती सापडते. भिंतीच्या पन्हळीतून, म्हणजे पत्र्याच्या उभ्या घड्यांतून, उतरणारं पाणी खिडकीच्या वरच्या पट्टीवर थांबतं आणि आत वळतं. तिथे २५ मिमीचा अँगल थोडा उतरता वेल्ड करून पागोळी पाडली की निम्मी दुखणी संपतात. बाहेरच्या फटींना पीयू सीलंट वापरा. सिलिकॉनवर रंग धरत नाही आणि पुढच्या वर्षी तिथेच पापुद्रा सुटतो.

भिंतींच्या वरच्या भागात कंटेनरचे छोटे हवेचे झरोके असतात. ते काढून पत्र्याची पट्टी लावा, नाहीतर मुंग्या आणि पावसाचा शिंतोडा दोघांनाही तीच वाट मिळते.

गंजलेल्या जागा ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासा, थिनरने पुसा आणि इपॉक्सी प्रायमर मारा. नुसता रेड ऑक्साइड स्वस्त पडतो, पण आतल्या ओलीला तो पुरत नाही, आणि बोर्ड बसल्यावर दुसरा हात मारायला कोणी जाऊ शकत नाही. जिथे आतून वेल्डिंगचा टाका मारलाय तिथे बाहेरचा रंग जळलेला असतो. ती जागा बाहेरूनही घासून झिंकयुक्त प्रायमरने भरा.

वेल्डिंग आणि कटिंग याच टप्प्यावर संपवा. गीझरचा ब्रॅकेट, एसीच्या पाइपचं भोक, एक्झॉस्टचं कडं, चिमणीची वाट, सगळं आताच. फोम बसल्यावर ग्राइंडरची एक ठिणगीसुद्धा भिंतीच्या पोटात धुमसत राहू शकते, आणि धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

पत्रा का घामेजतो

कोकणातली जुलैची रात्र घ्या. आत २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेला २५ अंशांच्या आसपासचा पृष्ठभाग लागला की दव धरतं. बाहेर पाऊस कोसळत असताना पत्रा सहज २४ वर येतो. म्हणजे एसी नको, थंडी नको, नुसता पाऊस आणि चार माणसांचे श्वास पुरेत. घाटावर वेगळी तऱ्हा: डिसेंबरच्या निरभ्र रात्री छत आकाशाकडे उष्णता फेकून हवेपेक्षाही थंड होतं आणि पहाटे आतून टपटप सुरू होते. लोक छत गळतंय म्हणून वर डांबर फासतात, पण पाणी आतलंच असतं.

म्हणून भरण निवडताना ‘उष्णता किती अडते’ एवढंच पाहून चालत नाही, ‘घरातली हवा पत्र्यापर्यंत पोचते का’ हेही पाहावं लागतं. रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, उष्णता चांगली अडवतं, जळतही नाही, पण त्यातून हवा आरपार जाते. मागे पत्र्यावर दव धरतं, लोकर भिजते, स्वतःच्या वजनाने खाली बसते आणि वरचा हातभर पट्टा रिकामा राहतो. रॉकवूलच वापरायचं असेल तर खोलीच्या बाजूने ॲल्युमिनियम फॉइल लावा, प्रत्येक सांधा फॉइल टेपने बंद करा आणि स्विचबॉक्सच्या भोवतीही टेप फिरवा. हे इतकं काटेकोर करणारा कारागीर मिळणं कठीण. थर्मोकोल किंवा एक्सपीएसच्या (थर्मोकोलच्याच जातीच्या कडक फोमच्या) सपाट शीट पन्हळीवर बसवल्या की मागे पोकळी उरते आणि दव त्या पोकळीत धरतं.

त्यामुळे कंटेनरला पत्र्यावर थेट फवारलेला पीयू फोम, म्हणजे आपल्याकडे ज्याला पफ म्हणतात तो, हाच सरळ पर्याय आहे. तो पन्हळीत चिकटतो, मध्ये हवा ठेवत नाही, आणि पावसाचा ताशासारखा आवाजही बराच दबतो. भिंतींना ४० मिमी, छताला ६० मिमी जाडी धरा. छतावर काटकसर नको. दिवसभराचं ऊन तिथूनच उतरतं.

फवारणीवाल्याला घनता विचारा: ४० किलो प्रति घनमीटरच्या आसपास हवी. भिंतींचं क्षेत्र दारं-खिडक्या वजा जाता साधारण ६५ चौरस मीटर आणि छत २८ चौरस मीटर. पन्हळीमुळे वाढणारं क्षेत्र आणि थोडी नासाडी धरली तर दोन्ही रसायनं मिळून २०० ते २२५ किलो माल लागायला हवा. तो १२० किलोत काम उरकून निघाला तर जाडी कुठेतरी मारली आहे. लोखंडी खिळ्यावर ४० मिमीची खूण करून दर दोन मीटरवर टोचून बघा.

फवारणी कोरड्या दिवशीच करायची. पत्रा ओलसर असला की फोम फुगतो पण चिकटत नाही, आणि महिनाभरात थापच्या थाप सुटते. बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तो तुकडा कापून पुन्हा भरावा लागतो. एका हातात २०-२५ मिमीपेक्षा जाड थर देऊ नये. फोम जमताना आतून तापतो, आणि जाड थराचा गाभा करपून तपकिरी पडतो. काम चालू असताना मास्कशिवाय आत कोणी नको. नंतर एक दिवस दारं उघडी ठेवा. आणि हा फोम उघडा ठेवून राहायला जायचं नाही. तो पेट घेतो, म्हणून त्यावर बोर्ड हवाच.

सांगाडा पत्र्याला टेकू द्यायचा नाही

फोमच्या आधी सांगाडा उभा राहतो. ५० मिमीचे जीआय स्टड, म्हणजे बोर्ड धरणारे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे उभे खांब, घ्या आणि पन्हळीच्या आतल्या तोंडापासून १० मिमी सोडून ओळीत उभे करा. या १० मिमीतून फोम स्टडच्या मागे जातो आणि लोखंडाला लोखंड लागत नाही. स्टड टेकलेले असले तर दोन पावसाळ्यांत रंगावर दर दोन फुटांवर उभे काळपट पट्टे उमटतात. ती बुरशी असते, आणि ती बरोबर स्टडच्या रेषेत येते.

मग धरायचं कुठे? भिंतीचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिमी. त्यात सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू मारला की टोक बाहेर आणि पाणी आत. खालचा ट्रॅक, म्हणजे स्टडची टोकं धरणारी आडवी पट्टी, कंटेनरच्या जमिनीच्या मूळ प्लायवर बसवा. ती २८ मिमी जाड असते, तेव्हा २५ मिमीपेक्षा लांब स्क्रू नको. वरचा ट्रॅक कंटेनरच्या वरच्या आडव्या रेलला धरा. ती ६० मिमीची चौकोनी पोकळ नळी असते, तिच्या आतल्या बाजूला मारलेला स्क्रू बाहेर निघत नाही. रेलवर माल बांधायच्या कड्या असतील तर त्या आधीच ग्राइंडरने उडवा.

स्टडचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ६१० मिमी, म्हणजे चार फुटी बोर्डाच्या दोन्ही कडा स्टडवर येतात. ओट्यावरची कपाटं, टीव्ही, गीझर जिथे येणार तिथे ते ४०७ वर आणा. लांब भिंतीला २१ स्टड, दोन्ही टोकांना पाच-पाच, खिडक्यांच्या बाजूचे धरून ६० नग मागवा. ओळंबा प्रत्येक स्टडला लावा, कंटेनरच्या भिंतीवर विसंबू नका. बंदरात धक्के खाल्लेल्या भिंतीला १०-१५ मिमीचा पोचा सहज असतो. सगळ्यात आत आलेला पोचा शोधा, त्यापासून १० मिमी मोजा आणि तिथूनच दोरी बांधा.

जड वस्तूंच्या मागे स्टडच्या मधोमध १८ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या) प्लायचे तुकडे आताच बसवा. १५ लिटरचा गीझर भरला की पंचवीसेक किलोंचा होतो, आणि जिप्समच्या बोर्डात रावळ प्लग ठोकून तो राहत नाही. पडद्याच्या दांड्या, टॉवेल स्टँड, आरसा यांच्या जागाही याच दिवशी ठरवा. घरातल्यांशी भांडण व्हायचं असेल तर ते बोर्डाआधी झालेलं बरं.

सिलिंगला छताचा आधार घेऊ नये. ५० बाय २५ बॉक्स पाइप आडवे टाकून दोन्ही टोकं रेलला वेल्ड केलेल्या पट्ट्यांवर बसवा, अंतर ६१० मिमीच. पंख्यासाठी स्वतंत्र दुहेरी पाइप द्या आणि दांडी आखूड घ्या, कारण तयार उंची २.५८ मीटरच्या आसपास राहते. तयार रुंदी उरते २.२१ मीटर. साडेसहा फुटी पलंग आडवा टाकला तर वीसेक सेंटिमीटर उरतात, म्हणजे चादर घालता येते पण बाजूने जाता येत नाही. पलंग लांबीच्या दिशेने ठेवा.

वायरिंग: इथे लोखंडी डबा विसरू नका

सिमेंटच्या घरात वायर सोलली तर एखादी भिंत झटका देते. इथे अख्खं घर देतं. कंटेनरच्या सांगाड्याला दोन विरुद्ध कोपऱ्यांवर अर्थिंग द्या आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. यावर वायरमनने ‘गरज नाही’ म्हटलं तर वायरमन बदला.

वायर दिव्यांना १.५, साध्या प्लगना २.५, एसी, गीझर आणि इंडक्शनला प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिमी. फोममध्ये गाडलेली वायर तिची उष्णता बाहेर टाकू शकत नाही, म्हणून लांब पल्ल्याला एक माप वरचं घ्या. सगळं पाइपातून न्या, म्हणजे दहा वर्षांनी वायर ओढून बदलता येते. स्टडला पाडलेल्या भोकाची कड ब्लेडसारखी असते, तिथे रबरी बूच घालायलाच हवं. काही जण भिंतीत थर्मोकोल भरून त्यावर उघडी पीव्हीसी वायर टाकतात. थर्मोकोल त्या वायरच्या आवरणातलं मऊपणा देणारं द्रव्य शोषून घेतो आणि आवरण कडक होऊन तडकतं. लोखंडी घरात हा धोका कोणी घेऊ नये.

फवारणीआधी प्रत्येक स्विचबॉक्सचं तोंड टेपने बंद करा. फोम आत फुगला की छिन्नीने कोरत बसावं लागतं. आणि सगळे पाइप दिसत असताना, मापाची टेप भिंतीला टेकवून फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना तेच कामी येतात.

जमीन

मूळ प्लाय मजबूत असते, पण तिला किडीविरुद्ध औषध मारलेलं असतं. कोणतं, ते दारावरच्या सुरक्षा-पाटीवर लिहिलेलं सापडतं. शिवाय आधी त्यावर कुठला माल सांडला होता ते कोणालाच ठाऊक नसतं. उग्र वास किंवा तेलकट डाग असेल तो तुकडा कापून बदला. बाकीची पॉलिश पेपरने घासू नका, ती धूळ फुप्फुसात जाते. धुऊन, पूर्ण वाळवून इपॉक्सीचे दोन हात मारा, कडांच्या फटींसह. त्यावर ८ मिमी सिमेंट फायबर बोर्ड आणि मग ५ मिमी एसपीसी (दगडी भुकटी आणि प्लास्टिकच्या फळ्या). एसपीसीला चारही बाजूंनी ८ मिमी फट सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. लाकडी लॅमिनेट कोकणात तरी टाळा, पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात.

न्हाणीघर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्लायखाली दर ३० सेंटिमीटरच्या आसपास लोखंडी आडवे चॅनल आहेत, साधारण १२ सेंमी उंचीचे. ते कापायचे नाहीत, घराचं वजन त्यांच्यावर आहे. म्हणून कमोड विकत घेण्याआधी खालून चॅनलची जागा मोजा आणि वर खडूने आखा. एस-ट्रॅप, म्हणजे खाली जमिनीतून पाणी सोडणाऱ्या, कमोडचं भोक तयार भिंतीपासून २२५ किंवा ३०० मिमीवर येतं. नेमका तिथेच चॅनल आला तर भिंत थोडी पुढे घ्यावी लागते किंवा मागच्या भिंतीतून जाणारा पी-ट्रॅप घ्यावा लागतो. हे टाइल लागल्यावर कळलं तर ते भोवतं. नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी वाहून नेणारी जाळी आणि खालचा वाकडा पाइप) हाही दोन चॅनलच्या मध्येच, आणि त्यात ५० मिमी पाणी उभं राहील असाच घ्या. उथळ ट्रॅप उन्हाळ्यात सुकतो आणि गटाराचा वास घरात येतो.

त्या भागातली प्लाय काढून चॅनलवर १८ मिमीचा सिमेंट बोर्ड बसवा, भिंतींना ८ किंवा १० मिमीचा. कोपऱ्यांत फायबरची जाळी दाबून पॉलिमर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. भिंतीवर किमान फूटभर, शॉवरच्या बाजूला सहा फूट चढवा. ट्रॅपच्या गळ्याभोवती हात फिरवून लेप आत उतरवा, कारण गळती बहुतेक वेळा तिथूनच होते. मग ट्रॅपला बूच मारून दोन इंच पाणी ४८ तास भरून ठेवा आणि खाली वाकून टॉर्चने बघा. खाली मोकळी जागा असणं हा कंटेनरचा मोठा फायदा. फ्लॅटमध्ये हे शेजारी येऊन सांगतो.

लोखंडी जमीन चालताना किंचित लवते, त्यामुळे गवंड्याला सिमेंटचा गिलावा घालून टाइल बसवू देऊ नका. लवचिक टाइल ॲडहेसिव्ह, ३०० बाय ३०० ची छोटी टाइल, ३ मिमीची दरज आणि ती भरायला इपॉक्सी ग्राउट. दोन बाय चार फुटी टाइल दुकानात देखणी दिसते, इथे ती मधोमध तडकते. ढाळ मीटरला १२ मिमी, ट्रॅपकडे. भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात ग्राउट नको, तिथे बुरशीरोधक सिलिकॉन भरा.

बोर्ड, सांधे, रंग

कोरड्या खोल्यांना ओलावारोधक १२.५ मिमी जिप्सम, ओट्यामागे ८ मिमी सिमेंट फायबर. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड, कपाटांनाही नकोत. आठ फुटी बोर्ड उभा लावला की खाली साधारण १४ सेंमी उरतात. बोर्ड वर सरकवून खालच्या जागेत डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचं) स्कर्टिंग बसवा. फरशी पुसताना किंवा पाणी सांडल्यावर जिप्समची कड भिजत नाही, आणि बोर्ड कापावाही लागत नाही. स्क्रू २५ मिमीचे, दर २० सेंटिमीटरवर, कडेपासून १० मिमी आत. स्क्रूचं डोकं कागद न फाडता किंचित खाली बसायला हवं. कागद फाटला तर तो स्क्रू धरतच नाही, शेजारी दुसरा मारा.

आता हिशोब करा: १२ मीटर लोखंड ४० अंशांच्या फरकाने साडेपाच मिमीहून अधिक लांबतं. छत दुपारी हात लावू देत नाही आणि पहाटे गार असतं, म्हणजे ही ये-जा रोजची. पीओपीवाला टेप लावून, लांबी (पुट्टी) भरून, अखंड आरशासारखी भिंत करून देईल. पहिल्या मे महिन्यात तिला केसासारख्या भेगा पडतील. त्यापेक्षा दर तीन बोर्डांनंतर ६ मिमीची सरळ फट सोडा, ॲल्युमिनियमची पट्टी बसवा आणि ती नक्षी म्हणून मिरवू द्या. मधल्या सांध्यांना जाळीची टेप आणि जॉइंट कंपाउंड, दोन हात. सिलिंग आणि भिंतीच्या कोपऱ्यात मात्र टेप नको, रंगवता येणारा ॲक्रिलिक सीलंट भरून वर पट्टी. बंद डब्यात रंगाची वाफ साचते, तेव्हा एक्झॉस्ट पंखा रंगाच्या आधी चालू झालेला असावा.

तो एक्झॉस्ट नंतरही कायमचा लागणार आहे: न्हाणीघरात सहा इंची, ओट्यावर चिमणी, दोन्हींची हवा थेट बाहेर. सिलिंगच्या वर सोडलेली वाफ तिथेच पाणी होते. एसीच्या ड्रेन पाइपला सलग उतार द्या. मध्ये झोल पडला की पाणी उलटं फिरून नव्या भिंतीवर ओघळतं. आतून बाहेर जाणारी प्रत्येक नळी बाहेरच्या बाजूला किंचित खाली झुकलेली ठेवा आणि भोवतीच्या फटीत स्टीलची जाळी कोंबून मग सीलंट लावा. नुसता फोम उंदीर एका रात्रीत कुरतडतो.

गीझरच्या मागे, न्हाणीघराच्या नळजोडणीजवळ आणि छताच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक फूट बाय एक फुटाची स्क्रूने उघडणारी झडप ठेवा. पहिल्या पावसाळ्यात जुलैच्या शेवटी तिन्ही उघडा आणि फोमवर तळहात फिरवून बघा. हाताला ओल लागली तर नाकाने वास घ्या. कुबट वास असेल तर आतली वाफ कुठल्या तरी फटीतून मागे जातेय. फोमवर खालच्या दिशेने ओघळाची रेघ असेल तर पाणी बाहेरून येतंय, आणि त्या रेघेच्या वरच्या टोकाशीच भोक सापडेल.